समितीचा अबंधित निधी, मार्चची घाई आणि उपयोगिता प्रमाणपत्र

ताई, गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या खात्यात मार्चअखेरीस अबंधित निधीचे (म्हणजे गावच्या गरजेप्रमाणे समितीनेच ठरवून खर्चायचे) १०,००० रुपये जमा झाले आणि लगेच 'अमुक दुकानातून किट घ्या, ३१ तारखेच्या आत बिलं द्या' असा फोन आला, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. समिती, खातं, संयुक्त सह्या हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

आधी किटचं बघू. खर्च कशावर करायचा हे समितीची बैठक ठरवते, फोन करणारा नाही. 'लेखी पाठवा, बैठकीपुढे ठेवते' एवढंच म्हणा. बहुतेक वेळा पत्र येतच नाही. कोऱ्या चेकवर किंवा पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपवर सही करू नका, सरपंच घाई करत असले तरी.

ज्या कामाला ग्रामपंचायतीचा किंवा दुसऱ्या खात्याचा पैसा आहे, त्यावर हा निधी चालत नाही. त्यामुळे पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर नको, ती ग्रामपंचायतीने घ्यायची. अंगणवाडीचा वजनकाटाही नको. आरोग्य केंद्राच्या खुर्च्या तर मुळीच नकोत, त्यांना रुग्ण कल्याण समितीचा निधी आहे. माझ्या मते सगळ्यात उपयोगी खर्च म्हणजे आरोग्य-पोषण दिवसाला गरोदर बायांच्या तपासणीसाठी आडोसा: पडदा, स्टँड, सतरंजी. स्वस्तात होतं, आणि पोट तपासायला बाया तयार होतात.

आता खरं डोकं खाणारी गोष्ट. आमच्या भागात एका कार्यालयाने उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, दर वेळी नवी हरकत काढून तोंडीच परत पाठवलं. एकदा म्हणे बिलावर ग्रामपंचायतीचं नाव, मग म्हणे ठराव मोघम. लेखी एक ओळ दिली नाही. याने काय होतं ते नीट बघा: प्रमाणपत्र मंजूर होईपर्यंत ती रक्कम त्यांच्या हिशेबात खर्चच झालेली नसते, शिल्लक दिसते. पुढच्या वर्षीचा निधी मागच्या खर्चाएवढी भरपाई म्हणून येतो, त्यामुळे शिल्लक दिसली की तेवढा कापला जातो. म्हणजे काम झालं, पैसे संपले, आणि तरी पुढचं वर्ष कोरडं. चूक कोणाची, भोगतंय कोण!

म्हणून कागद असे करा. ठराव आधी, खरेदी नंतर. बिलाची तारीख ठरावाच्या आधीची असली की संपलं. 'आरोग्य साहित्य खरेदी करणे' असं लिहू नका. वस्तू, नग, कशासाठी, खर्चाची मर्यादा, सूचक, अनुमोदक, सगळं हवं. इतिवृत्त संपलं तिथेच आडवी रेघ मारून सह्या घ्या; मध्ये कोरी जागा सोडली की नंतर तिथे काहीही उगवतं. बिल समितीच्याच नावाचं. ५,००० च्या वरच्या पावतीला १ रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प. मजुरी दिली असेल तर व्हाउचरवर नाव, दिवस, दर, सही. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही. पडदा-स्टँडची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत.

प्रमाणपत्र आणि खर्चाचं विवरणपत्र दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय उठू नका. 'ठेवून जा, बघतो' याला पोच म्हणत नाहीत. हरकत असेल तर त्याच पत्रावर लिहून मागा.

तरीही अडवलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, तेव्हा गाऱ्हाणं लिहू नका. 'अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या प्रमाणपत्रावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदीची प्रत द्यावी' एवढंच. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. पुष्कळदा अर्ज पोचताच फाइल हलते.

जिल्ह्याजिल्ह्यात पद्धत वेगळी असते, निधी कोणत्या खात्यातून फिरतो तेही बदलत आलंय, तेव्हा तुमच्याकडे लेखी परिपत्रक असेल तर माझ्यापेक्षा ते खरं. लेखा तपासणीतली मी माणूस नाही.

आणि हो, सध्या ३१ तारखेची भीती बाळगून काहीतरी उरकू नका. दोन-तीन दिवसांत रीतसर बैठक बोलवा, निधी कोणत्या तारखेला जमा झाला ते पासबुकात बघून इतिवृत्तात पहिल्याच ओळीत लिहा, आणि जेवढं नीट होईल तेवढंच खरेदी करा.