ससा दिसला की कारवानीला कान राहत नाहीत

प्रश्न : आमचं रान देवराष्ट्र्याजवळ, सागरेश्वर अभयारण्याच्या अंगाला. घरी दीड वर्षाचा कारवानी कुत्रा आहे. अंगणात सगळं ऐकतो, पण बांधावर हरीण, ससा, मोर दिसला की हाका मारून घसा बसतो, तो मागं वळून बघत नाही. भाऊ म्हणतो, शॉकचा पट्टा आणू. काय करावं?
– एक शेतकरी, ता. कडेगाव

उत्तर : दादा, कारवानी नजरेवर पळणारं कुत्रं. सुटलं की हाक पोचत नाही. म्हणून 'ये'च्या आधी 'थांब' पक्कं करा. 'ये' म्हटलं की त्याला सावजाकडं पाठ करावी लागते, ते जिवावर येतं. 'थांब'मध्ये निदान बघत तरी राहता येतं.

सुरुवात भाकरीच्या वेळेला. माझी सगळी नोकरी श्वानपथकातच झाली. कारवानीला शिस्त लागत नाही असं तिथंही ऐकायचो. लागते, फक्त पोट भरलेलं असताना लागत नाही. तो पुढं आला की हात उभा धरून एकदाच 'थांब' म्हणा. पाय थबकले की तुकडा त्याच्या पायाशी टाका. हातातनं भरवलंत तर 'थांब' म्हटल्यावर तो तुमच्याकडंच धावत येईल. पुढं शब्दाच्या जागी शिट्टी आणा. आपण चिडलो की आवाज बदलतो, शिट्टीचा बदलत नाही.

रानात छातीपट्टा आणि आठ-दहा मीटर दोरी. गळपट्ट्याला एवढी लांब दोरी नको, वेगात झटका मानेवर येतो. आणि दोरी हाताला गुंडाळू नका, बोटं जातील.

मेख आहे वेळेत. पळायच्या आधी तो मान वर करतो, कान मुळापाशी उचलले जातात, एखादा पुढचा पाय उचललेलाच राहतो. सगळ्यात खात्रीची खूण तोंडाची. जीभ बाहेर काढून धापत असेल तोवर तो तुमच्या ताब्यात आहे. तोंड मिटलं की शिट्टी. थांबला तर बिस्किटावर भागवू नका, त्याला पळायचंच द्या. दुसऱ्या दोरीला फडकं बांधा आणि हरणाच्या उलट्या दिशेला ओढत पळा.

शॉकचा पट्टा आणू नका. झटका कशामुळं बसला हे त्याला कोण सांगणार? त्या वेळी शेजारी तुमचं पोरगं उभं असेल, तर राग पोरावर निघायचा. 'कुत्रंच ते, पळणारच' असं मात्र वनखात्याला सांगू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये कुत्रं मागं घालून पाठलाग करवणंही शिकारीतच धरलंय, आणि मोर, काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत.

दोरी सोडायची घाई नको. पहाटे आणि तिन्हीसांजेला, हरणं पिकात उतरतात तेव्हा तर नाहीच. उसाच्या फडाकडेला दिवसाही नको. आत बिबट्या असला तर तो कुत्र्याला सोडत नाही. रेबीज आणि डिस्टेंपरची लस दिली नसेल तर या आठवड्यात देऊन घ्या.