पहिल्या उसळीपाशी

प्रिय,

तुझ्या सोलोत, म्हणजे एकटीच्या उड्डाणात, विमान उतरताना आपटलं. त्यानंतर काल संध्याकाळी सगळे गेल्यावर मी पुन्हा हँगरमध्ये गेलो. प्रोपेलरची पाती टोकाशी मागे वळलीत, नोज व्हीलचा, म्हणजे पुढच्या चाकाचा, दांडा मोडलाय आणि इंजिनामागच्या पत्र्याला, फायरवॉलला, सुरकुत्या पडल्यात. इंजिन पूर्ण उघडून तपासावं लागेल. तुला ओरखडाही आला नाही, हे तिथे उभं राहून मी स्वतःला तीनदा सांगितलं.

"तिसऱ्या उसळीला कंट्रोल गेला," असं तू म्हणालीस. थोडं मागे जाऊन बघ. फायनलवर, म्हणजे रनवेसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, तुझा वेग ७५ नॉट (तासाला ७५ सागरी मैल) होता. आपल्या सेस्ना १७२ विमानाला पूर्ण फ्लॅपवर, म्हणजे पंखांमागच्या झडपा पूर्ण खाली असताना, ६५ च्या आसपास पुरतो. वरचे दहा किरकोळ वाटतात, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे जवळपास एक तृतीयांश जास्त. त्यात शेजारी मी नव्हतो. एका माणसाचं वजन उतरलं की विमान जमिनीलगत तरंगत राहतं, टेकायचं नाव घेत नाही. सोलोआधी मी नुसतं "हलकं वाटेल" म्हणालो. नीट समजावून सांगायला हवं होतं.

मग तू ते घाईने टेकवलंस, ते उसळलं आणि तुझ्या हाताने नाक खाली दाबलं. जमीन निसटतेय असं वाटलं की कुणाचाही हात तेच करतो. पण मग नोज व्हील आधी आपटतं. खरं तर तो भार मागच्या मुख्य चाकांनी घ्यायचा असतो. पुढची उसळी आणखी उंच जाते, तू सावरायला जातेस तोवर विमानाची चाल उलटलेली असते आणि तुझी प्रत्येक दुरुस्ती उशिराची ठरते.

पहिल्या उसळीलाच थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) पूर्ण पुढे, उजवा रडर (उजव्या पायाचं पेडल), नाक सावरून धरायचं, फ्लॅप ३० अंशांवरून २०, वेग आला की बाकीचे हळूहळू. हे तुला तोंडपाठ होतं. पण आजवरचं प्रत्येक गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, तू माझ्या तोंडून शब्द आल्यावर केलंस. तो निर्णय मी कधी तुझ्यावर सोडलाच नाही. रात्रभर मला हेच खात होतं.

आजच सगळं लिहून काढ: वेग, वारा, नजर कुठे होती. उद्यापर्यंत मन त्याची सुटसुटीत गोष्ट करून टाकेल. नजर रनवेच्या टोकाऐवजी नाकासमोरच्या जमिनीवर खिळली असेल, तर तसंच लिही. अपघात तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं नव्हे, असं आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, परिशिष्ट १३ मध्ये स्पष्ट म्हटलंय. भीतीने काही गाळू नकोस.

उडायची परवानगी परत मिळाली की पहिल्या तासात शेवटची फेरी सोडून उतरायचंच नाही. दरवेळी रनवेवर यायचं, उतरणं कुठे सोडून द्यायचं ते तू ठरवायचंस आणि थ्रॉटल पुढे करायचा. मी उजव्या सीटवर गप्प बसेन.