विकास आराखड्यातल्या रस्त्यापासून सामान्य लोकांनी झाडी आणि ओढा वाचवल्याचं एखादं खरं उदाहरण आहे का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात तुमच्या सोसायटीमागे एक नाला आहे, काठाने थोडी झाडी आहे आणि आराखड्यात तिथून रस्ता दाखवलाय. अशी जागा चारचौघांनी वाचवल्याचं उदाहरण आहे का, आणि सुरुवात वृक्षारोपणाने करावी का, असं विचारलंय. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, शक्यतो नको.

मी मूळची कोथरूडची, पण गेली बरीच वर्षं सिडनीत बार्डवेल पार्क स्टेशनजवळ राहते. स्टेशनाच्या एका अंगाला घरं आणि दुसऱ्या अंगाला एकदम खाली उतरत गेलेलं रान. तळाशी ओढा वाहतो, त्याचं नाव वॉली क्रीक. स्पेलिंग वाचून मी तसंच म्हणायचे, पण इथली माणसं ‘वॉलाय’ म्हणतात. आणि ‘क्रीक’ ऐकून ठाण्याची खाडी डोळ्यांपुढे आणू नका, इथे क्रीक म्हणजे साधा ओढा. वरच्या भागात तो सिमेंटच्या पाटातून येतो, अगदी आपल्या नाल्यासारखा. बेक्सली नॉर्थनंतर सिमेंट संपतं आणि खरा ओढा सुरू होतो. टरेलाजवळ एक छोटा बंधारा आहे. त्याच्या वर गोडं पाणी, खाली भरती-ओहोटीचं खारं आणि खारफुटी. पुढे हा ओढा कुक्स नदीला मिळतो आणि ती विमानतळाशेजारून बॉटनी बेमध्ये जाते.

शहराच्या इतक्या आत हे रान टिकलं कसं? गंमत अशी की रस्त्यामुळेच. १९५० च्या सुमारास नियोजनकारांनी हा पट्टा भविष्यातल्या महामार्गासाठी राखून ठेवला, म्हणून तिथे घरं झाली नाहीत. पैसा येईपर्यंत रस्ता कागदावर राहिला आणि झाडं जमिनीवर. तुमच्या नाल्याकाठी अजून इमारत नाही, त्याचं कारणही कदाचित तो आराखडाच असेल. त्याला शिव्या देण्याआधी हे बघून घ्या.

१९८० च्या दशकात तो कागदावरचा रस्ता खरा व्हायची वेळ आली, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी ‘वॉली क्रीक प्रिझर्वेशन सोसायटी’ काढली. त्यांनी फक्त ‘रस्ता नको’ म्हटलं असतं तर ‘विकासाच्या विरोधात’ हा शिक्का बसला असता. त्यांनी दरी जशी आहे तशी राहिली पाहिजे हा मुद्दा धरला आणि आराखडे, आक्षेप, सुनावण्या यांच्या मागे वर्षानुवर्षं चिकटून राहिले. १९९८ मध्ये सरकारने इथे प्रादेशिक उद्यान जाहीर केलं. २००१ च्या डिसेंबरात एम-५ ईस्ट हा महामार्ग सुरू झाला, पण या पट्ट्यात तो सुमारे ४ किलोमीटर जमिनीखालून जातो. वर पक्षी, खाली ट्रक.

आता यातला खडा. बोगद्यातला धूर कुठेतरी बाहेर पडणारच. तो एकाच धुरांड्यातून टरेलात सोडला, तोही गाळणी न लावता. त्यावर लोक खूप चिडले आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. उद्यानाचंही तसंच. घोषणा एका दिवसात झाली, पण जमिनीचे तुकडे एकेक करून हस्तांतरित व्हायला कित्येक वर्षं गेली. पुढे २०२० मध्ये दुसरा बोगदा सुरू झाला. त्याच्या कामासाठी पश्चिमेकडच्या बेव्हर्ली ग्रोव्हमधला दुर्मिळ प्रकारच्या रानाचा तुकडा तोडलाच, निदर्शनं झाली तरी. त्यामुळे ‘वाचवलं’ हा शब्द मी जरा जपूनच वापरते.

रस्ता हटला म्हणजे रान वाचलं, असा माझाही समज होता. तसं नसतं. घराघरांतून वाहून येणारं खत मिसळलेलं पाणी, बागांतून फेकलेल्या वेली, कचरा, हे सगळं उतारावरून शेवटी ओढ्यातच येतं. एका रविवारी मी स्वयंसेवकांबरोबर खाली उतरले तर समोर कोण? आपली घाणेरी! तीच टणटणी, जी सिंहगडाच्या पायथ्याशी झुडपं करून बसलेली असते. मूळची अमेरिका खंडातली, दोन्हीकडे उपरी आणि दोन्हीकडे माजलेली. परदेशात माहेरचं माणूस भेटावं तशी मी हसले आणि कातर उचलली.

पण गटप्रमुख बाईंनी थांबवलं. घाणेरीच्या जाळीत इथले चिमुकले निळे रेन पक्षी लपतात. सगळी एकदम तोडली तर त्यांना आसरा राहत नाही. म्हणून थोडी तोडायची, तिथे देशी झुडूप उभं राहिलं की पुढची तोडायची. तोडल्या तोडल्या, अक्षरशः काही सेकंदांत, बुंध्याला तणनाशकाचं बोट लावायचं, नाहीतर ती पुन्हा फुटते. थोडंथोडं करत पुढे जाण्याची रीत मुळात सिडनीच्याच ब्रॅडली भगिनींची. जोन आणि आयलीन या दोघींनी १९६० च्या दशकात मॉसमन भागात ती बसवली. सगळ्यात वाईट भाग आधी साफ करायला धावू नका. सगळ्यात चांगला तुकडा शोधा आणि तिथून बाहेरच्या दिशेने सरका. माती शक्य तितकी कमी हलवा. देशी रान स्वतः पसरेल, त्याच वेगाने तुम्ही पुढे जा. मला हे पचायला वर्ष लागलं. आपल्या मनात ‘स्वच्छता मोहीम’ म्हणजे जिथे घाण जास्त तिथे झाडू.

त्याच पहिल्या दिवशी मी एक पराक्रमही केला. ओलसर जागी ट्रॅडिस्कँशिया नावाचं तण गालिच्यासारखं पसरतं, ते उपटायचं होतं. मी उत्साहाने अर्धी पिशवी भरली. बाईंनी आत डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, हे निळ्या फुलाचं आहे, आपल्याला पांढऱ्या फुलाचं हवं होतं. मी उपटलेली कोमेलिना होती, इथली देशी वनस्पती. आपण ज्याची भाजी करतो त्या केन्याची चुलतबहीण! आजी असती तर तिने एका नजरेत ओळखलं असतं.

म्हणूनच झाडं लावण्याची घाई करू नका म्हणते. वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाची रांगच्या रांग पाहिलीये ना? हिरवं दिसतं, पण ती टेकडी मुळात गवताची आणि विरळ झाडांची. तुमच्या ओढ्याकाठी आधी काय आहे ते वर्षभर, सगळ्या ऋतूंत बघा. उंबर, करंज आपोआप उगवत असतील तर त्यांच्याभोवतीचं तण काढणं हे शंभर रोपं लावण्यापेक्षा मोलाचं. फोटो काढण्याजोगं मात्र नाही, त्यामुळे नगरसेवक येणार नाहीत.

लोक जमवायला इथे वटवाघळं उपयोगी पडली. टरेलाजवळ करड्या डोक्याच्या मोठ्या वटवाघळांची वसाहत आहे. ही जात देशपातळीवर धोक्यात असलेल्यांत धरलेली आहे. पारा ४२ च्या वर गेला की ती झाडांवरून पडून मरतात, म्हणून उन्हाळ्यात स्वयंसेवक लक्ष ठेवतात. संध्याकाळी अंधार पडता पडता सगळी एकदम उडतात. लोक डबे, चटया, पोरंबाळं घेऊन बघायला बसतात, काहीजण मोजणीही करतात. आधी वासाबद्दल तक्रार करणारे माझे शेजारी आता पाहुणे आले की त्यांना तिथे घेऊन जातात. निवेदनावर सही मागायची वेळ आली तेव्हा अशीच माणसं कामी आली. आमच्या रविवारच्या गटात म्हणाल तर सहासात जण असतात, बरेचसे साठीच्या पुढचे. तेवढे पुरतात.

एक गोष्ट राहिली. तुम्ही अख्ख्या प्रश्नात ‘नाला’च लिहिलंय. आराखड्यात नाला लिहिलं की तो बुजवता येतो, वळवता येतो, पाइपात घालता येतो. त्या ओढ्याला जुनं नाव असणार. भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा काढा, आणि सोसायटी होण्याआधी तिथे ज्यांची शेतं होती त्या घरांतल्या एखाद्या म्हातारीला विचारा. सापडलं तर इथे कळवा.