हात पाहा, बाबू

बाबू,

परवा कापसाच्या गंजीवर बसून तू रोलिंग स्टोन्स बँडच्या कीथ रिचर्ड्सच्या गिटारबद्दल विचारलंस, "काका, नशा केल्याबिगर असं वाजतच नसंल का?" मी गप्प राहिलो, कारण तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता.

कीथ रिचर्ड्सचं २०१० चं ते जाडजूड आत्मचरित्र, 'लाईफ', मी दीड महिना डिक्शनरी घेऊन वाचलं. तुझ्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. सगळ्या हेरॉइनच्या पानांवर, १९७७ च्या टोरंटोतल्या अटकेवर. अरे, पुस्तक नशा करणाऱ्याचं वाचतोस की वाजवणाऱ्याचं? हात पाहायचे. अंगात काय गेलं ते नाही.

१९६२ च्या हिवाळ्यात लंडनच्या त्या थंडगार खोलीत खायला पैसे नव्हते, तेव्हा तो आणि बँडमधला ब्रायन जोन्स काय करत होते? रेकॉर्डवरची सुई उचलून पुन्हा मागं ठेवत होते, बोटं जुळेपर्यंत. तिथं तुझी एक रेघ नाही! 'सॅटिस्फॅक्शन'ची धून १९६५ साली अर्धवट झोपेत टेपवर आली, पुढं चाळीस मिनिटं त्याचं घोरणं. लोक घोरण्याचा किस्सा सांगतात. मला दिसतो तो उशाशी ठेवलेला टेपरेकॉर्डर आणि गिटार. हेरॉइनचं प्रकरण त्यानंतरचं. हात आधी तयार झाले होते.

मी हे एवढं ओरडून का सांगतो? आमच्या भजनी मंडळात एक खंजेरीवाले बुवा होते. तुकडोजी महाराजांची भजनं ते असे वाजवायचे की महाराजांच्या आश्रमात, मोझरीला गेल्यासारखं वाटे. थंडीत शेकोटीवर खंजेरी तापवत, कातड्यावर अंगठा फिरवून कान लावत, मग परत तापवत. मी मात्र त्यांच्या गालातला खर्रा पाहत बसलो. तो आठ दिवसांत उचलला. हात चाळीस वर्षांत आला नाही. घरची चार एकर कोरडवाहू, बहिणीचं लग्न, दोन सालं लागोपाठ नापिकी, रियाज कधी करणार होतो मी? हे काही खोटं नाही. पण खर्रा घोटायला वेळ मिळत होता, हेही खोटं नाही.

तर गाणी मोबाईलमधून काढून टाकू नकोस. माणूस नशेत बुडाला म्हणून त्याची बोटं खोटी ठरत नाहीत, आणि बोटं खरी म्हणून नशा पूज्य होत नाही. एवढं तुला कळतं, उगाच भोळेपणा करतोस.

पुस्तकातलं एक पान दुमडून ठेवलं आहे. तिथं तो गिटारची सगळ्यात जाड तार काढून टाकतो आणि उरलेल्या पाच जी-डी-जी-बी-डी या सुरांत लावतो. 'ब्राउन शुगर' त्यानं अशाच तारांवर वाजवलं. सहा तारांचं वाद्य, आणि त्यानं कमी करून पाहिलं. किती दिवस ठोकाठोकी केली असेल, विचार कर.

रविवारी वेचणी नाही. गिटार घेऊन ये. तार अडकली तर पक्कड माझ्याकडं आहे. येताना पानठेल्यावर थांबू नकोस, माझ्यासाठीही काही आणू नकोस.

तुझा,
काका