बुडबुडा कुठून आला, हे आधी पाहावे

प्रश्न : रबाळे एमआयडीसीतील आमच्या छोट्या गाळ्यात सेन्सरचे सर्किट डबीत बसवून त्यावर रेझिन आणि हार्डनर (घट्ट करणारे द्रव्य) अशा दोन भागांचे इपॉक्सी ओतले जाते. घट्ट झालेली डबी कापून पाहिली की आत टाचणीच्या टोकाएवढी पोकळ छिद्रे दिसतात. व्हॅक्यूम चेंबर (आतली हवा पंपाने उपसता येणारे बंद भांडे) घ्यावे का? – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : चेंबर उपयोगी आहेच, परंतु त्याआधी तुमची हवा कोणत्या टप्प्यावर आत शिरते, ते पाहावे. इपॉक्सी घट्ट होताना स्वतः वायू सोडत नाही. त्यामुळे आतले बुडबुडे जवळजवळ नेहमी ढवळताना मिसळलेल्या किंवा ओतताना कोपऱ्यात अडकलेल्या हवेचे असतात. ड्रिलला पाते लावून भराभर ढवळण्याची सवय अनेक गाळ्यांत आहे. वेळ वाचतो खरा, पण पात्याभोवती भोवरा तयार होतो आणि तो हवा खाली ओढून तिचे बारीक बारीक तुकडे करतो. हे तुकडे बारीक असणे हेच सगळ्यात वाईट, कारण दाट द्रवात बुडबुडा वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. मधाइतक्या दाट रेझिनमध्ये १ मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्याला १ सेंटिमीटर वर यायला सुमारे ३ मिनिटे लागतात, ०.१ मिलिमीटरच्या बुडबुड्याला त्याच्या शंभरपट, म्हणजे सुमारे पाच तास. तुमचे मिश्रण अर्ध्या तासात घट्ट व्हायला लागत असेल, तर तो बुडबुडा बाहेर पडण्याची शक्यताच उरत नाही. म्हणून चपट्या पट्टीने, पट्टी द्रवाबाहेर न काढता, भांड्याचा तळ आणि कडा खरवडत सावकाश ढवळावे. प्रमाण वजनाने मोजावे आणि मिश्रण दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा थोडे ढवळावे, म्हणजे पहिल्या भांड्याच्या कडेला राहिलेला न मिसळलेला भाग डबीत जाणार नाही.

रेझिन किंचित कोमट केले की ते पातळ होते आणि हवा लवकर सोडते. मात्र हार्डनर घातल्यावर दर १० अंश सेल्सियस वाढीमागे हाताशी असलेला वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून हार्डनर घालण्यापूर्वी फक्त रेझिनचा भाग कोमट करावा आणि मिश्रण थोडे थोडे करावे. मोठ्या भांड्यातले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापून आणखी लवकर आळते.

आता व्हॅक्यूमविषयी. वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो. चेंबरमधला दाब २५ मिलिमीटरपर्यंत उतरवला, तर प्रत्येक बुडबुडा आकारमानाने सुमारे तीसपट फुगतो, आणि फुगलेला बुडबुडा झपाट्याने वर येऊन फुटतो. हे सगळे होताना मिश्रण फेसाळून मूळ पातळीच्या तीन-चारपट चढते, म्हणून भांडे पाव भागापेक्षा जास्त भरू नये. भरल्यास रेझिन पंपात जाते आणि पंप बाद होतो. फेस चढतो, एकदम कोसळतो आणि त्यानंतर तुरळक बुडबुडे येत राहतात. कोसळल्यावर एक-दोन मिनिटे थांबून हवा हळूहळू आत सोडावी. यापुढे पंप चालवत राहण्यात अर्थ नाही, कारण काही मिश्रणांतील हलके घटक कमी दाबाला उकळू लागतात. ते बुडबुडे हवेचे नसतात, आणि त्यांच्या मागे लागल्यास मिश्रणाचे प्रमाणच बिघडते. चेंबर व्हॅक्यूमसाठीच बनवलेले असावे. स्वयंपाकघरातली काचेची बरणी किंवा साधा प्लॅस्टिकचा डबा यासाठी मुळीच वापरू नये. तो आत दबून फुटतो आणि इजा गंभीर होऊ शकते.

एवढे करूनही डबीत वरून भसकन ओतले, तर सगळे श्रम वाया जातात. माझ्या स्वतःच्या कामात मी अशा कित्येक डब्या टाकून दिल्या आहेत. डबी किंचित तिरकी धरून, एकाच कोपऱ्यातून, बारीक धारेने ओतावे, म्हणजे रेझिन तळातून चढत जाऊन हवेला पुढे ढकलते. सर्किटखालच्या फटीत हवा अडकत असेल, तर भरलेली डबीच मिनिटभर चेंबरमध्ये ठेवावी. दाब पूर्ववत होताना तोच रेझिनला फटीत ढकलतो. उच्च दाबाच्या विजेच्या कामात हे टाळू नये, कारण अशा पोकळीत सूक्ष्म विद्युत स्फुरणे होऊन आवरण आतून झिजत जाते. रोजच्या मोजक्याच डब्या असतील, तर जोडनळकांडी (दोन्ही भाग शेजारच्या दोन नळकांड्यांत वेगळे भरलेली) आणि पुढे मिश्रण करणारी नळी घ्यावी. त्यात ढवळणे बंद नळीतच होते, म्हणून नवी हवा मिसळत नाही. नळी लावण्यापूर्वी दोन्ही भाग सारखे बाहेर येईपर्यंत थोडे दाबून काढावे आणि नळी लावल्यावर तिच्यातून आलेला पहिला भाग टाकून द्यावा.

प्रश्न : सर्किटवर ओतायला आम्ही पॉलियुरेथेन वापरतो. उन्हाळ्यात काम स्वच्छ होते, जुलैमध्ये मात्र तेच द्रव्य फुगते. व्हॅक्यूमनेही फरक पडत नाही. – एक वाचक, महापे

उत्तर : कारण तुमचा बुडबुडा हवेचा नाही. पॉलियुरेथेन पॉलिऑल आणि आयसोसायनेट अशा दोन भागांचे असते; त्यातले आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि ही क्रिया ओतल्यानंतरही चालूच राहते. पावसाळ्यात ठाण्याच्या खाडीकाठच्या या पट्ट्यात हवा ओलीच असते. डबा उघडा राहिला की ती ओल आत शिरते. डबा काढल्याबरोबर घट्ट बंद करावा, शक्य असल्यास आत कोरडा नायट्रोजन सोडावा, आणि सर्किट व साचे भट्टीत वाळवून, बाहेरचा दमटपणा लागण्याआधी वापरावेत. लाकडी पट्टीने ढवळू नये; लाकडात पाणी असते. पॉलिऑलचा डबा अनेक दिवस उघडा राहिला असेल, तर तो बदलावा.

प्रश्न : घोडबंदर रोडवरील घरात कपाटाच्या दारांवर लावलेल्या सनमायकाला महिनाभरात फुगे आले आहेत. सगळी दारे बदलावी लागतील का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुधा नाही. बोटाने टिचकी मारून जिथे पोकळ आवाज येतो, त्या भागाला पेन्सिलने खूण करावी. सुताराने रबराचे कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह वापरले असेल, तर दोन्ही पृष्ठभागांना लावल्यावर ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबले नाहीत, हे फुग्याचे नेहमीचे कारण असते. आत अडकलेल्या द्रावकाची वाफ पत्रा उचलते. जाड सुती कापड ठेवून मध्यम गरम इस्त्री फिरवावी, आतले चिकटद्रव्य मऊ झाले की लाकडी ठोकळ्याने मध्यापासून कडेकडे दाबत न्यावे आणि थंड होईपर्यंत दाब काढू नये. पांढरा गोंद असेल, तर फुग्याच्या कडेला बारीक भोक पाडून इंजेक्शनच्या सिरिंजने गोंद सोडावा आणि रात्रभर शिकंजा लावावा. नवे काम करून घेताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ गॅस पेटवू नये, कारण कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हची वाफ पेट घेते. मात्र फुगे फक्त बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या दारांवरच आले असतील, तर दोष सुताराचा नसून प्लायवूडने ओढलेल्या ओलीचा आहे. ती भिंत कोरडी होईपर्यंत इस्त्री किंवा सिरिंज यांपैकी काहीही हाती घेऊ नये.