वाचकांचे प्रश्न : गाठीची रसद तोडता येते का?

प्रश्न : पेट स्कॅनमध्ये गाठ चमकते ती साखर ओढून घेते म्हणून, असं कळलं. मग साखर आणि पिष्टमय पदार्थ पूर्ण बंद केले तर गाठ उपाशी मरेल ना?

उत्तर : निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष नाही. ग्लुकोजचा एक रेणू प्राणवायूच्या मदतीने पूर्ण जाळला तर पेशीला साधारण ३० ते ३२ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात. गाठीतल्या बऱ्याच पेशी मात्र प्राणवायू असतानाही ग्लुकोज लॅक्टेटपर्यंतच तोडतात आणि त्यातून फक्त २ एटीपी हाती लागतात. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी हे १९२०च्या दशकात दाखवलं. वरवर हा उधळेपणा वाटतो. पण झपाट्याने दुप्पट होणाऱ्या पेशीला नुसतं इंधन पुरत नाही, बांधकामाचा मालही लागतो. डीएनए आणि पेशीपटल यांचा कच्चा माल ग्लुकोजच्या याच वाटेवर मधूनमधून काढून घेतला जातो. या पेशींची मायटोकाँड्रिया (प्राणवायू वापरून ऊर्जा बनवणारी पेशीतली यंत्रणा) बिघडलेली असते, हा वारबुर्ग यांचा तर्क मात्र बहुतेक गाठींच्या बाबतीत टिकला नाही. ती चालू असते, म्हणून ग्लुकोज आटलं तरी पेशी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल, मेदाम्लं, इतकंच काय लॅक्टेटवरही भागवते.

शिवाय ग्लुकोज आटतच नाही. उपाशीपोटी रक्तात एका डेसिलिटरमागे ७० ते १०० मिलिग्रॅम, म्हणजे पाच लिटर रक्तात जेमतेम ४-५ ग्रॅम ग्लुकोज असतं. तेवढं राखण्याची जबाबदारी यकृताची. त्याचा ग्लायकोजेनचा (साठवलेल्या ग्लुकोजचा) साठा दिवसभरात संपत आला की ते स्नायूंतल्या अमिनो आम्लांपासून ग्लुकोज बनवतं. गाठीचं पान वाढलेलंच राहतं, झिजतो तो रुग्ण. वजन आणि स्नायू घटले की केमोथेरपी सोसत नाही, डोस कमी करावे किंवा पुढे ढकलावे लागतात. म्हणून उपचार चालू असताना वजनाच्या दर किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं सांगितलं जातं. मूत्रपिंड कमकुवत असेल तर हा हिशेब डॉक्टरांकडून बदलून घ्यावा.

स्कॅनच्या चमकेबद्दलही सांगायला हवं. टोचलेलं द्रव्य ग्लुकोजसारखं दिसतं, पेशीत शिरतं, त्याला फॉस्फेट चिकटतो आणि पुढची पायरी जमत नसल्याने ते तिथेच अडकतं. त्यातल्या फ्लोरीन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं. आधी किमान ४ ते ६ तास उपाशी राहायला सांगतात ते इन्सुलिनमुळे. खाल्लं तर हे द्रव्य स्नायूंत जातं आणि चित्र बिघडतं. मेंदू आणि मूत्राशय नेहमीच चमकतात, क्षयाची गाठही चमकते, उलट प्रोस्टेटच्या बऱ्याच गाठी मंदच दिसतात.

प्रश्न : चयापचयावर मारा करणारं औषध प्रत्यक्षात आहे का, की सगळं प्रयोगशाळेतच?

उत्तर : पाऊणशे वर्षांपासून आहे, फक्त त्याला त्या नावाने कोणी ओळखत नाही. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन देऊन मुलांचा रक्ताचा कर्करोग काही काळ मागे हटवून दाखवला; ते औषध भारतीय जैवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली बनलेलं होतं. त्याचंच भावंड मेथोट्रेक्झेट. ते फोलेट या ब-जीवनसत्त्वाचं चक्र अडवतं, त्यामुळे डीएनएसाठी लागणारा थायमिडीन हा घटक मिळत नाही. मोठा डोस दिला की २४ ते ३६ तासांनी निरोगी पेशी वाचवण्यासाठी ल्युकोव्होरिन हा फोलेटचा प्रकार सुरू करतात, लघवी अल्कधर्मी ठेवतात आणि रक्तातली पातळी मोजत राहतात. गोळ्यांच्या बाबतीत सर्वांत घातक चूक म्हणजे आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोज घेणं. तोंडात फोड येतात, अस्थिमज्जा कोलमडते, जीवही जातो. गोळीचा वार डब्यावर लिहून ठेवा.

दुसरं, ॲस्पॅराजिनेज, जिवाणूपासून मिळवलेलं एन्झाइम. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींना ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल पुरेसं बनवता येत नाही, त्या रक्तातलं उचलतात. हे एन्झाइम तेच नष्ट करतं. इथे एक फसवा प्रकार होतो. शरीर प्रतिपिंडं बनवून औषध निकामी करतं, पण अंगावर पुरळ नाही, ताप नाही. म्हणून एन्झाइमची क्रियाशीलता मोजावी लागते, मिलिलिटरमागे ०.१ युनिटच्या खाली गेली तर दुसऱ्या जिवाणूपासून बनवलेलं एन्झाइम वापरतात. पोटात जोराची कळ आली तर स्वादुपिंडाची सूज नाही ना, हे लगेच पाहावं.

नव्या औषधांत अपयशही भरपूर. ग्लुटामिन फोडणारं ग्लुटामिनेज हे एन्झाइम रोखणारं टेलाग्लेनास्टॅट मूत्रपिंडाच्या कर्करोगात जोडऔषध म्हणून फायदा दाखवू शकलं नाही. प्रयोगशाळेतल्या पेशी ज्या द्रवात वाढवतात, त्यात बरेचदा रक्ताच्या जवळपास पाचपट ग्लुकोज असतं. अशा मेजवानीत वाढलेल्या पेशींच्या गरजा शरीरातल्या गाठीशी जुळतीलच असं नाही. शिवाय गाठीवर चालून जाणाऱ्या, रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशींनाही तीच रसद लागते.

प्रश्न : अहवालात ‘आयडीएच म्युटेशन’ लिहिलंय. त्यावर गोळी असते का?

उत्तर : आयडीएच हे चयापचयातलं एक एन्झाइम. अहवालात आयडीएच-१ आहे की आयडीएच-२ ते आधी बघा, औषध त्यावर ठरतं. बिघडलेलं हे एन्झाइम २-हायड्रॉक्सिग्लुटारेट तयार करतं आणि त्यामुळे पेशी प्रौढ होत नाहीत. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात आयडीएच-१साठी आयव्होसिडेनिब, आयडीएच-२साठी एनासिडेनिब. दुसऱ्या श्रेणीच्या ग्लायोमात (मेंदूतल्या गाठीत), शस्त्रक्रियेनंतर, व्होरासिडेनिब दोन्हींवर चालतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार न वाढता गेलेला मध्यक काळ २७.७ महिने होता, औषध नसलेल्या गोळीवर ११.१. व्होरासिडेनिब घेताना यकृताच्या तपासण्या चुकवू नयेत. ल्युकेमियात मात्र गोळ्या सुरू झाल्यावर ताप, धाप, अचानक वाढलेलं वजन दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पेशी एकदम प्रौढ होऊ लागल्याने हे घडतं, आणि डेक्सामेथासोन लगेच सुरू करावं लागतं.

प्रश्न : मधुमेह नाही, तरी मेटफॉर्मिन घ्यावं का? आणि शिरेतून जीवनसत्त्व ‘क’?

उत्तर : मेटफॉर्मिन नको. स्तनाच्या कर्करोगात ३,६४९ जणांवर झालेल्या चाचणीत मधुमेह नसलेल्यांना त्याचा उपयोग झाला नाही. ‘क’च्या मोठ्या डोसाचाही ठाम पुरावा नाही. तरी कोणी देत असेल, तर आधी रक्तातलं जी-६-पीडी हे एन्झाइम तपासा, कमतरता असल्यास रक्तपेशी फुटतात. आणि त्यानंतर काही तास घरच्या ग्लुकोमीटरवर विसंबू नका. काही यंत्रं ‘क’लाच ग्लुकोज समजून खोटा मोठा आकडा दाखवतात, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.