दालनाचा प्लॅन मंजूर करण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या संस्थेकडे जुन्या पोथ्या, काही पैठण्या आणि थोडी शस्त्रे आहेत. एका वाड्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचे कायमस्वरूपी दालन करायचे आहे. वास्तुविशारदांनी १:१०० प्रमाणातला प्लॅन दिला असून त्यात कपाटांच्या जागा दाखवल्या आहेत. एवढ्यावर काम सुरू करावे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : करू नये. माणसे कशी फिरतील आणि कुठे खोळंबतील हे प्लॅनवरून कळते. पण वस्तू नीट दिसेल का आणि टिकेल का, हे बरेचसे उंचीवर ठरते, आणि ती सेक्शनमध्येच, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आत जसे दिसेल तशा रेखाचित्रातच, दिसते. म्हणून लांबीतला एक आणि रुंदीतला एक असे १:५० प्रमाणातले दोन सेक्शन आधी मागा. त्यांत खिडक्या, तुळया, दिवे, कपाटे आणि उभा माणूस एकत्र दाखवलेला असावा.

अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांनी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे उभारलेल्या किंबेल कलासंग्रहालयाचा (१९७२) प्लॅन पाहिला, तर सुमारे ३० मीटर लांब आणि ७ मीटर रुंद अशा एकसारख्या पट्ट्यांपलीकडे त्यात फारसे काही दिसत नाही. सेक्शन पाहिला की उलगडा होतो. कमानदार छताच्या माथ्यावर लांब फट आहे आणि तिच्याखाली पंखांसारखा छिद्रित ॲल्युमिनियमचा पत्रा टांगलेला आहे. तो ऊन अडवून काँक्रीटच्या वक्र पृष्ठभागावर परतवतो आणि खाली दालनात येतो तो सौम्य, रुपेरी उजेड.

तुमच्याकडे तसे छत नाही, पण प्रश्न तोच आहे. पोथ्या आणि रेशमी वस्त्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश नसावा, असा संकेत आहे. खिडकीजवळ दिवसा तो सहज शेकड्यांत जातो. लोखंडी शस्त्रांना उजेडाचे भय नाही, त्यांचे वैर दमटपणाशी. त्यामुळे खिडकीकडची बाजू, तिथे ओल नसेल तर, शस्त्रांना द्यावी आणि पोथ्या आत न्याव्यात. म्यानाला मखमल असेल, तर तिला मात्र वस्त्राचाच नियम लावावा.

त्याच सेक्शनवर सुमारे १५० सेंटीमीटर उंचीवरच्या डोळ्यापासून कपाटाच्या काचेपर्यंत रेघ ओढून ती तेवढ्याच कोनात परतवून पाहा. ती खिडकीवर किंवा दिव्यावर पोचली, तर प्रेक्षकाला पोथीऐवजी खिडकीच दिसेल. चाकाच्या खुर्चीवरील माणसासाठी हीच रेघ ११५ सेंटीमीटरच्या आसपासून पुन्हा ओढावी. ही तपासणी फुकट होते; कपाटे बसल्यावर तीच चूक महागात पडते.

याशिवाय दिव्यांच्या जागांसह छताचा आराखडा, प्रत्येक भिंतीचे १:२० प्रमाणातले एलेव्हेशन (समोरून दिसणारे रेखाचित्र) आणि कपाटांचे १:५ तपशील लागतील. तुळयांवर काचेच्या कपाटांचा आणि गर्दीचा किती भार येईल, याचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावा. वाड्यांचे जिने बहुधा अरुंद असतात, तेव्हा सर्वांत मोठे कपाट वळणावर फिरते की नाही हे जिन्याच्या रेखाचित्रात दाखवून घ्या. फिरत नसेल, तर ते सुट्या भागांत बनवावे लागेल, आणि हे सुताराला मोजमाप देण्यापूर्वीच ठरवायला हवे.